सासूबाई ॲडमिन झाल्या त्याची हकिकत

प्रभूमध्ये प्रिय साडूभाऊ,

तुम्हाला, ताईंना आणि मुलांना आम्हा सर्वांचा सप्रेम सलाम. टपालाचं पाकीट पाहून छातीत धस्स झालं असेल तर आधी घोटभर पाणी प्या. इकडे कोणी गेलेलं नाही. प्रभूच्या कृपेने सगळे धडधाकट आहोत, सासूबाई तर जरा जास्तच. तुमची कंबर आता कशी आहे? (सोफा सरकवताना लचकली असं कळलं. एवढा मोठा सोफा एकट्याने सरकवायला तुम्हाला सांगितलं कोणी?) खरं तर फोनच करणार होतो. पण आमचं घर दोन खोल्यांचं, आणि भिंती अशा की पलीकडच्या खोलीत कुजबुजलं तरी अलीकडे ऐकू येतं. म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसताना चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून हे लिहितो आहे. आणि आधीच सांगून टाकतो, सासूबाई आलटून पालटून दोघांकडे राहणार असं ठरलं होतं आणि तुमची पाळी कधीच सुरू झाली आहे, हा विषय मी या पत्रात अजिबात काढणार नाही. नात्यात असला हिशेब शोभत नाही.

तर मुद्दा आमच्या 'जिव्हाळा' ग्रुपचा. आमचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत. एका रविवारी उपदेशात म्हणाले की माणसं चर्चमध्ये आठवड्यातून एकदा येतात आणि फोनमध्ये दिवसभर असतात, तेव्हा एकमेकांची काळजी घ्यायची तर आपणही फोनमध्ये शिरलं पाहिजे. मला ते पटलं. (पटलं म्हणजे, त्यांनी उपदेश करताना माझ्याकडे बघितलं.) मी लगेच ग्रुप काढला, स्वतः ॲडमिन झालो आणि चर्चच्या मंडळीतली एकूणएक माणसं त्यात ओढली. आणि काय सांगू, प्रेमाचा नुसता पूर आला. सकाळी डोळे उघडायच्या आत फुलं, कबुतरं, उगवते सूर्य. कोणी नुसतं शिंकलो म्हणून लिहिलं तरी पन्नास जोडलेले हात. सगळ्यांत पुढे आमच्या निवृत्त चित्रकलेच्या बाई. संदेश कुठलाही असो, मिनिटाच्या आत त्यांचे जोडलेले हात हजर. मी फ्रेमांवर सवलत जाहीर केली तेव्हासुद्धा त्यांनी हात जोडले. पाळकसाहेबांनी भर उपासनेत बाईंचं उदाहरण दिलं आणि माझंही नाव घेतलं. तो रविवार मला फार आवडला.

नेमकं त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे आल्या. तुम्हाला ठाऊकच आहे, सगळी नोकरी त्यांनी इस्पितळाच्या वॉर्डात मेट्रन म्हणून केली. आता वॉर्ड नाही, पण मेट्रन आहेच. सकाळी चहाच्या आधी माझी नाडी. आंघोळीनंतर माझ्या कानामागची तपासणी. धाकटी (म्हणजे आमच्या घरची, तुमची मेहुणी) म्हणाली, आईला काहीतरी गुंतवा. मी म्हटलं, ग्रुपमध्ये घेतो, बसतील फुलं बघत. आ बैल मला मार म्हणतात ते हेच, पण तेव्हा बैल मला दिसला नाही.

दुसऱ्याच दिवशी शिंपीणबाईंचा संदेश आला की घरात सगळे आजारी आहेत, प्रार्थना असू द्या. भराभर हात जुळले. मीही जोडले आणि जेवायला बसलो. बघतो तर सासूबाई पायात चपला घालून दारात उभ्या. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात सुपाचा डबा, आणि तो डबा माझ्या हातात देण्याच्या तयारीत. शिंप्यांकडे गेलो तर सगळे आजारी म्हणजे सगळ्यांना सर्दी, आणि शिंपी टीव्हीसमोर पाय पसरून मॅच बघतोय. सासूबाईंनी टीव्ही बंद केला, शिंप्याला झोपवलं, मुलांना वाफ दिली आणि शिंपीणबाईंना पलंगावर बसवून आयतं गरम सूप प्यायला दिलं. ती बाई सूप पिता पिता रडायला लागली. (शिंपीही जवळजवळ रडला, पण ते टीव्ही नेमका शेवटच्या ओव्हरला बंद झाला म्हणून.) घरी येऊन सासूबाईंनी ग्रुपवर आपला पहिला संदेश लिहिला. मी जाऊन आले, ताप कोणाला नाही, तुम्ही एवढे जण प्रार्थनेत सोबत आहोत म्हणालात पण तिथे मला कोणीच भेटलं नाही, तुम्ही वेगळ्या रस्त्याने गेलात का?

 यावर फक्त चित्रकलेच्या बाईंनी हात जोडले.

मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं, सासूबाई, हे सगळं भावनेचं असतं, लगेच उठून जायचं नसतं. त्या म्हणाल्या, "जावईबापू, वॉर्डात बेल वाजली की उठायचं असतं. बेलला नमस्कार करून कूस बदलायची नसते."  मी नुसती नाडी दाखवली.

पुढचा नंबर बँकेच्या कॅशियरचा. हा गृहस्थ रोज पहाटे 'आज मन फार जड आहे, स्मरण करा' असं लिहितो. ती त्याची सवयच आहे, दात घासण्यासारखी. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. उजाडताच त्या मला घेऊन त्याच्या दारात. दार उघडलं ते कॅशियरनेच, अर्ध्या चड्डीत, हातात डंबेल, तोंडावर टवटवी. सासूबाई आत गेल्या, खुर्ची ओढली आणि मन हलकं होईपर्यंत मी बसते म्हणाल्या. बिचारा बँकेत उशिरा पोहोचला. दुसऱ्या पहाटे त्याचा संदेश आला की आज मन अतिशय हलकं आहे, कोणीही येण्याची गरज नाही.

त्यानंतर मंडळीची तब्येत जी सुधारली ती विचारू नका. कोणाचं डोकं दुखेना. कोणाला नोकरीची चिंता उरली नाही. लोक सांगायला लागले की आमच्याकडे सगळं उत्तम आहे, शिवाय आम्ही गावाला गेलो आहोत. काळजी घेण्यासाठी काढलेल्या ग्रुपात काळजी करण्यासारखं नखभर काही शिल्लक राहिलं नाही. मग गायनमंडळाच्या बाई, कॅशियर आणि शिंपी असे तिघे दुकानात आले. सासूबाईंबद्दल आदर आहेच, म्हणाले, पण त्यांना ग्रुपमधून काढा. पाळकसाहेबांचाही फोन आला. त्यांनी खूप आडवळणाने तेच सांगितलं.

साडूभाऊ, मी काढायला गेलो होतो. खोटं कशाला बोलू? घरी येऊन बाहेरच्या खोलीत बसलो, सासूबाईंच्या नावावर बोट ठेवलं, खाली दोन-तीन पर्याय आले आणि मी घाईघाईने एक दाबला. चष्मा कपाळावर होता. (मी चष्मेवाला आहे याची कृपया कोणाला आठवण करून देऊ नका.) काढून टाकण्याऐवजी मी त्यांना ॲडमिन करून टाकलं. मला काही उमजायच्या आत आतल्या खोलीतून त्या बाहेर आल्या, फोन दोन्ही हातांत धरलेला. म्हणाल्या, "नोकरी सुटल्यापासून कोणी मला काही सोपवलं नव्हतं, जावईबापू." त्यांचे डोळे भरले होते. आता तुम्हीच सांगा, त्या क्षणी कुठला माईचा लाल म्हणू शकला असता की बोट चुकलं? मी म्हटलं, तुमच्याशिवाय आहे कोण. मला स्वतःचीच इतकी शरम वाटली की रात्रीचं जेवण गेलं नाही.

पण मेट्रनच्या हातात सत्ता म्हणजे काय ते लवकरच कळलं. त्यांनी हुकूम काढला की रविवारपर्यंत प्रत्येकाने मंडळीतल्या एका घरी जाऊन यायचं, आणि खरंच गेलात याची खूण म्हणून त्या घराच्या खिडकीत काय ठेवलंय ते लिहायचं. लोकांना वाटलं, खिडकीत काय असणार? सगळ्यांनी घरबसल्या कुंडी लिहून टाकली. सासूबाई तोवर बहुतेक घरं फिरल्या होत्या. गायनमंडळाच्या बाईंच्या खिडकीत शिवणयंत्र आहे, शिंप्याच्या खिडकीत मांजर, कॅशियरच्या खिडकीत ते डंबेल. (शिंप्याच्या खिडकीत शिवणयंत्र का नाही, ते मला विचारू नका.) रविवारी दुपारी त्यांनी एकेकाला ग्रुपमधून काढायला सुरुवात केली. कॅशियर गेला, शिंपी गेला, गायनमंडळ तर सुरांसकट गेलं. पाळकसाहेबांनी खिडकीऐवजी त्याच दिवशीच्या उपदेशाचा सारांश पाठवला होता, तेही गेले. आणि मी? मी लिहिलं होतं की मी तर तुमच्याच बरोबर घरात असतो. माझाच ग्रुप, माझ्याच घरात बसून, माझ्याच सासूबाईंनी मला काढलं.

आता हकालपट्टी झालेल्या माणसांनी जायचं कुठे? सगळे माझ्या दुकानात जमायला लागले, सासूबाईंच्या नावाने खडे फोडायला. पहिल्या दिवशी नुसते तणतणले. दुसऱ्या दिवशी कोणी बिस्किटं आणली. तिसऱ्या दिवशी कॅशियर खडे फोडता फोडता मध्येच थांबला आणि म्हणाला की डंबेल वगैरे ठीक आहे, पण बायको गेल्यापासून पहाट खायला उठते, म्हणून तो संदेश लिहायचो. आम्ही सगळे त्याचा संदेश रोज वाचत होतो. त्याची बायको गेली तेव्हा आम्ही सगळे दफनभूमीतही होतो. शिंपी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. मी चहा सांगितला.

आणि गेल्या बुधवारी, अशीच बैठक भरलेली असताना, सासूबाई दारात आल्या. आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे उठून उभे राहिलो. त्यांनी चित्रकलेच्या बाईंचा दंड धरला होता. म्हणाल्या, हुकुमालाही यांनी हातच जोडले होते, म्हणून यांच्या घरी गेले, आता यांच्या चष्म्याचा नंबर काढा. मी बाईंना खुर्चीत बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला आणि सर्वांत वरचं, थाळीएवढं अक्षर वाचायला सांगितलं. बाईंनी हसून विचारलं, तक्ता कुठल्या भिंतीवर आहे?

साडूभाऊ, बाईंना कित्येक महिने दिसतच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांच्या भाचीने परगावी जाताना फोनमध्ये जोडलेले हात अगदी कोपऱ्यात लावून दिले होते. टिंग वाजलं की बाई चाचपून तो कोपरा दाबायच्या. एकही संदेश त्यांनी वाचलेला नव्हता. आम्ही त्यांचं उदाहरण देत होतो. अहो, माझं दुकान त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, धंदा माझा डोळ्यांचा, आणि त्यांनी माझ्या सवलतीला हात जोडले तेव्हा मी खूश होऊन गिऱ्हाइकांना दाखवलं. कॅशियरने विचारलं, बाई, सांगितलं का नाहीत? बाई म्हणाल्या, "एकदोघांना फोन केला होता. ते म्हणाले, ग्रुपवर टाका. आता दिसत नाही हे लिहायला दिसावं लागतं ना?"  मग गायनमंडळाच्या बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, कॅशियर रजा टाकून त्यांना नेणार आहे, शिंपीणबाई डबा देणार आहेत, आणि मी नंतरचा चष्मा करीन. सासूबाईंनी कोणालाही ग्रुपमध्ये परत घेतलेलं नाही. आश्चर्य म्हणजे कोणी विचारलंही नाही.

असो, पत्र फार लांबलं. ताईंना सांगा, धाकटी आठवण काढते. मुलांना आशीर्वाद. कंबरेला शेक द्या.

तुमचा, ग्रुपमधून काढलेला पण नात्यात अजून टिकून असलेला,
साडू

ता.क. वर म्हटलं तो विषय काढतो आहे, माफ करा. सासूबाईंना पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे पाठवू का? वर लिहिलेलं सगळं खरं आहे, त्या थोर आहेत, मला शरमही वाटते. पण रोज पहाटे नाडी द्यायला मनगटही थोर लागतं, आणि माझं नाही. तिकीट मी काढतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

ता.क. २. वरचा ता.क. कालचा आहे, तो वाचू नका. आज दुकानात हे बोलून गेलो, तर सगळी बैठक धाकटीकडे गेली आणि सासूबाई कुठेही जाता कामा नयेत म्हणून सांगून आली. चित्रकलेच्या बाई म्हणतात, मेट्रन सोबत नसतील तर मी ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही. धाकटी माझ्याशी बोलत नाहीये. आणि आज पहाटे सासूबाई बाईंकडे गेल्या होत्या, नाडी कोणी बघितलीच नाही, तर मला दिवसभर आपण बरे आहोत की नाही तेच कळेना. तेव्हा राहू द्या त्यांना इथेच. पाळी वगैरे विसरून जा.

ता.क. ३. थोरले जावईबापू, हे मी लिहिते आहे. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून वाचलं. बोट चुकलं होतं हे मला त्याच दिवशी कळलं, धाकट्या जावईबापूंचा चेहरा काही लपवत नाही. दोन घरांत मी पाळीने राहते याचं वाईट वाटत नाही असं नाही, वाटतं. पण माझं असू द्या. थोरली मला रोज सकाळी एक फूल पाठवते, आणि गेले दोन महिने तिचा आवाज मी ऐकलेला नाही. म्हणून बाईंच्या डोळ्यांचं झालं की मी आठ दिवस तुमच्याकडे येते. परतीचं तिकीट काढूनच निघेन, घाबरू नका. स्टेशनवर कोणी आलं नाही तरी चालेल. लोकांची घरं शोधून काढायची मला आता सवय झाली आहे.