पाहुण्याची खूण

सोमवार
नोकरी लागली. स्कॅनच्या दवाखान्यात, आया म्हणून. लेकीने वही दिली, रोज चार ओळी लिही म्हणाली, अक्षर सुधारेल. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आता काय सुधारणार, डोंबल! पण लिहिते. काम सोपं. पेशंटच्या पिना, दागिने उतरवायचे, टेबलावर झोपवायचं, वळवळणाऱ्याला दाबून नीट करायचं आणि काचेमागे यायचं. डॉक्टर तरुण, हसरा. इन्फेक्शनला तो पाहुणा म्हणतो. फोटोत पाहुणा दिसत नाही मावशी, म्हणाला, विस्कटलेलं घर दिसतं. सूज, पाणी, आजूबाजूला धुरकट. मला लगेच कळलं. आमचे दीर राहून गेले की घर तसंच दिसतं.

बुधवार
एक मास्तर आले. नुसती चुळबुळ. पोरांना गप्प बसवता ना, मग स्वतः पडा की गप्प, म्हटलं आणि खांदा दाबून धरला. फोटो झकास. घरी लेकीची पाठ रगडली. दिवसभर शिलाई मशीनवर वाकते, रोज रगडून मागते. तुझे हात किती गरम गं, म्हणते.

पुढचा सोमवार
मास्तर परत आले, तापाने फणफणलेले. फोटोत हाड चांगलं, पू नाही. पण मांसात धुरकट पट्टे. चार लांब, एक आखूड. स्कॅनचा मशीनवाला म्हणाला, मास्तरांना कुणीतरी चापट मारलीय. सगळे हसले. मीही.

मंगळवार
मास्तर वारले. गेल्या आठवड्यात एका म्हातारीचा गुडघा धरला होता, त्याचाही तसाच फोटो. डॉक्टरने माझा पंजा पडद्यावर टेकवायला लावला. नेमका बसला.

बुधवार
माझाच स्कॅन काढला. काही नाही, लख्ख. डॉक्टर म्हणाला, "पाहुणा स्वतःचं घर कशाला विस्कटेल, मावशी?"
नोकरी सोडते म्हटलं. नको म्हणाला. उद्या आणखी एकीला धरा, पाहुणा कसा चढत जातो ते बघायचंय. नाहीतर मास्तरांच्या मुलाला तुमचं नाव सांगतो. हसतच बोलला.

गुरुवार
धरलं. बाई जाताना थँक्यू म्हणाली.
रात्री हात कढत पाण्यात घातले. कातडी सोलली, तरी गरमच. लेक म्हणाली पाठ रगड. अंगावर धावून गेले तिच्या. रडत झोपली.

शनिवार
लेकीला ताप. पाठ म्हणते— नुसती आग

रविवार
लेक टेबलावर. मी काचेमागे.
मणके चांगले. पू नाही. पंजे. एकावर एक, रोजचे, सगळी पाठ—
डॉक्टर मशीनवाल्याला म्हणतो, हा फोटो जपून ठेव.
लेकीच्या खोलीचं दार त्यानेच उघडलं. मला बाहेर जाऊ देत नाही.
लेक उठलीय. हात पुढे. "आई, धर ना."
तिचे पाय लटपटतायत. खाली फरशी. मी धरलं नाही तर ती— आणि धरलं तर