कानात बोळे

प्रिय ठकू,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. मोबाईलवर चार शब्द टाकले की आपण मोकळ्या होतो, पण मला जे सांगायचंय ते तिथे मावेना. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी ऑफिसातून दोन कोरे कागद मागून आणले आणि सुट्टीचा दिवस बघून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, सांभाळून घे.

आधी इकडचं. आमच्या शेडमध्ये आता अठ्ठेचाळीस माग झाले. तू लहानपणी माझा डबा घेऊन यायचीस तेव्हा दारातच कानांवर हात दाबून उभी राहायचीस आणि मी तुला हसायचे. तुझे बाबा तर म्हणायचे, हिला माग बंद पडले तर झोप येणार नाही. त्या धडधडाटात बोलून उपयोग नसतो. आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचतो, हातवारे करतो. सव्वीस वर्षांत ती सवय अशी अंगात मुरली की ऐकू येणं कधी थांबलं आणि नुसतं ओठ वाचणं कधी सुरू झालं, हे माझं मलाच कळलं नाही. खरं सांगू? कळलं होतं. मी कानाडोळा केला.

सहा वर्षांपूर्वी मी मुकादम झाले, त्याच वर्षी कंपनीने आवाजापासून वाचायला कानात घालायचे बोळे आणले. नारिंगी रंगाचे, मऊ, जोडी दोरीत ओवलेली. पेटी माझ्या ताब्यात देऊन मॅनेजर म्हणाले, "जपून वापरा हं बाई." मी इतके जपले की वापरूच दिले नाहीत. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. तपासणीला कोणी येणार असलं की सकाळी वाटायचे, पाहुणे गेले की गोळा करायचे. कामावरच्या मुलींनाही ते नकोच होते. कानात बोळे घालून बसलीस का, हे आपण ज्याला त्याला रागावून म्हणतो, आणि इथे खरोखर घालायचे म्हणजे हसूच. त्या म्हणायच्या, "मावशी, तुम्ही घालत नाही, तर आम्ही कशाला?" मला ते माझं कौतुकच वाटायचं.

दर वर्षी कान तपासायची गाडी येते. गाडीत एक काचेची खोली असते, कपाटाएवढी. कानांवर हेडफोन लावायचा आणि बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मला शिट्टी ऐकू यायची नाही, पण काचेतून तपासणाऱ्या माणसाचा खांदा दिसायचा. खांदा हलला की मी बटण दाबायचे. अशी तीन वर्षं पास झाले. लबाडी होती ती. पण बहिरी मुकादम कोण ठेवेल? आणि ठेवली तरी मागून टवाळी ठरलेलीच. तुझे बाबा गेल्यापासून ती किल्ली कमरेला असली की मला कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

या वर्षी नवी नर्स आली, तुझ्याच वयाची. तिने काचेवरचा पडदा ओढून घेतला. मी बटण धरून बसले. बसले, बसले. बराच वेळ झाला तरी काही होईना, म्हणून दार ढकलून विचारलं, "सुरू कधी करताय?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "मावशी, झाली तपासणी." मी गाडीच्या पायरीवर बसले. तिने पाणी दिलं, शेजारी बसली, आणि मी खांद्याचं सगळं ओकून टाकलं. ती रागावली नाही. गेलेलं परत येत नाही, म्हणाली. कानाच्या यंत्राने थोडं भागेल, आणि जे उरलंय ते तरी राखा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना म्हटलं, दहा मिनिटं माग बंद करा, मला मुलींशी बोलायचंय. दहा मिनिटं म्हणताच ते घड्याळ दाखवू लागले. म्हटलं, "साहेब, मी बहिरी झालेय. तपासणीचा कागद यायच्या आधी माझ्या तोंडाने सांगू द्या." मग त्यांनीच जाऊन खटका बंद केला. मी कपाट उघडलं, पेटी टेबलावर ठेवली आणि कुलपाचं, खांद्याचं, सगळं सांगितलं. माझाच आवाज मला कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटत होता. मोठ्याने बोलत होते की हळू, तेही कळेना. कोणी हसलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आमच्यातली एक चष्मेवाली पोरगी जवळ आली आणि समोर उभी राहून विचारू लागली, "मावशी, घरी गेल्यावरही माझ्या कानात सूं वाजत राहतं, ते काय असतं?" चोवीस वर्षांची आहे ती. तिला मी स्वतः नर्सकडे घेऊन गेले. थोडं गेलंय, बरंचसं शाबूत आहे. तिला सूत भरायच्या शांत खोलीत काम दिलं. माझी मुकादमकी गेली. आता मी शेडच्या दाराशी असते आणि बोळे घातल्याशिवाय कोणालाही, मॅनेजरांनासुद्धा, आत सोडत नाही. मुली कुरकुरतात, पण घालतात. माझ्या बोळ्यांच्या दोरीकडे बघून घालतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तपासणीनंतर मला फोनवरची एकेक बोलणी आठवायला लागली. फोनवर ओठ दिसत नाहीत गं. गेली दोन वर्षं मी तुझ्याशी अंदाजाने बोलतेय. तुझा आवाज चढला की "हो का", खाली आला की "बरं". तीन महिन्यांपूर्वी रविवारी तुझा फोन आला, तेव्हा मला फक्त "आई" आणि "बाळ" एवढंच ऐकू आलं. तुला तेव्हा चौथा महिना होता, मला वाटलं, डॉक्टरांकडे जाऊन आलीस, सगळं ठीक आहे. मी म्हणाले, "बरं झालं गं. आता आराम कर." नंतर तुझे फोन बंद झाले. मला वाटलं कामात असशील, आणि कबूल करते, फोन नाही म्हणून मला सुटल्यासारखंही वाटलं. परवा मी जावईबापूंना मेसेज टाकला, सातवा लागला ना, कपडे शिवायला घेऊ का? त्यांचं उत्तर आलं, "आई, बाळ राहिलं नाही. तिने स्वतः तुम्हाला सांगितलं होतं." इतक्यात मूल कशाला, असं मी एकदा बोलले होते, त्यामुळे माझं "बरं झालं" तुला कसं लागलं असेल, ते मला कळतंय. ठकू, मला ऐकू आलं नव्हतं. हे मी दोन वर्षं लपवलं नसतं, तर त्या दिवशी तू एकटी पडली नसतीस. शनिवारी दुपारच्या गाडीने मी येतेय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी बाहेर थांबेन. उघडलंस तर मला समोर बसव आणि सगळं पहिल्यापासून सांग, माझ्याकडे बघत, सावकाश. मी मध्ये बोलणार नाही.

शनिवारपर्यंत आणि नंतरही, तुझीच,
आई