चौसष्ट वायरी

१२ सप्टेंबर २०२५, सकाळी ७
आजपासून काम सुरू. माझ्या मिलिंग मशीनचं लोखंड ठणठणीत आहे, फक्त जुना कंट्रोलर मेलाय. नवा आणलाय. तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवलं. चार दिवस पुरे. सुनीतीने, म्हणजे बायकोने, धमकी दिली आहे: दसऱ्यापर्यंत चालली नाही तर मशीन भंगारात आणि शेडला कुलूप. दसऱ्याला माझी जुनी विद्यार्थिनी वल्लरी येणार. ती बुटीबोरीच्या एका कंपनीत खरेदी बघते. नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम. भंगार म्हणे!

१५ सप्टेंबर
मुकेश आठ वर्षं ही मशीन चालवतो, म्हणून त्याला ती स्वतःची वाटते. कंट्रोलरची वायर सोडवण्याआधी प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवतो. चौसष्ट वायरी, चौसष्ट चिठ्ठ्या. 'आडवा सरक.' 'दाराचा स्विच.' अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. विचारलं, हा काय पोरखेळ? तर म्हणे, "सर, मंग कोनती कुठची कसं समजन?" डोक्यात ठेवायचं असतं. माझ्या आहे.

२३ सप्टेंबर
अकरा दिवस झाले. दोष विजेचा. कुरिअरवाल्याचा. मुख्य म्हणजे मुकेशच्या गोंदाचा.

२९ सप्टेंबर
संताप, संताप. परवा खंडेनवमी. पूजेला यंत्र लखलखायलाच हवं. शेड झाडणाऱ्या यशोदाबाईंना डिझेलचा बोळा देऊन पॅनेल पुसायला लावलं. त्यांनी विचारलं, या चिठ्ठ्यांचं काय करू? म्हटलं, काढा, पूजेला कचरा नको. मुकेश जेवून आला, बादलीतल्या चिठ्ठ्या एकेक करून उचलायला लागला. मग "सर, माह्या मोबाइलात..." म्हणून काहीतरी सुरू केलं. मी तिथेच तोडलं. कामाच्या वेळेत मोबाइल! बघायचा तर घरी जाऊन बघ, म्हटलं, आणि परत येऊ नकोस. गेला. एकदा म्हटलं तर लगेच जायचं असतं का?

३० सप्टेंबर
यशोदाबाईंचीच चूक. विचारलं हे खरं, पण विचारायचीही एक पद्धत असते. आज सगळ्या वायरी एकट्याने, आठवणीने जोडल्या. तीन उरल्या. आधुनिक कंट्रोलरला कमीच लागतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजा झाली. मशीनच्या टेबलावर झेंडू आणि नारळ. टेबल आडवं सरकायचं बटण दाबलं. टेबल जागचं हललं नाही; वरचं हेड खाली आलं आणि नारळाच्या ठिकऱ्या. थांबायचं बटण दाबलं तर कूलंटचं पाणी सुरू. धोतर भिजलं. शेवटी मेन स्विच पाडला. सुनीती म्हणाली, चला, नारळ तरी वाढवला. तळपायाची आग मस्तकात गेली. नंतर ती अंगणात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. विचारलं नाही. कुणाची मदत घ्यायची नाही, हा निश्चय.

२ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळी ६
सकाळी सातला मुकेश घरून, बोरगाव मेघेहून हजर. मला न विचारता बोलावलेला. त्याने मोबाइल पुढे केला. चिठ्ठ्यांसकट चौसष्ट फोटो. मी सूचना देऊ लागलो तर त्याने अदबीने स्टूल दिलं, आणि ते शेडच्या बाहेर ठेवलं. दोन वाजता मशीन सुरू झाली. चारला वल्लरी आली, नमुना मोजला, काम दिलं. शेड वाचली.

मी तिला सहज म्हणालो, मुकेशला चिठ्ठ्या लावायचं वेड आहे. ती हसली नाही. म्हणाली, "सर, चिठ्ठी नसलेल्या वायरीला तुम्ही आम्हाला शून्य मार्क द्यायचात."

मला आठवत नाही.

तिने पहिलं सोनं मुकेशला दिलं. सुनीतीनेही. मी सगळ्यांत शेवटी दिलं. तो पाया पडला, त्यामुळे ओरडताही येईना. लाज वाटली, हे इथेच लिहितो.

सगळे गेल्यावर मशीनजवळ गेलो. नव्या कंट्रोलरवर एक ताजी चिठ्ठी: 'सर, हात नोका लावू.'

या एका चिठ्ठीचं अक्षर मात्र स्वच्छ वाचता येतं.