चंद्रीचं नाव डब्यात

सोम. ३ फेब्रु.
आज नातीचं काम पयल्यांदा डोक्यात शिरलं. पल्लवी म्हणते, आजी, कंपन्यांना डेटाबेस, म्हणजे माहितीचं कपाट, चालवून बघायचं असतं. मांडायला दिवस जातो. मी तयार डबा देते, कंटेनर इमेज. उघडला की दोन मिनटांत चालू. जगात कोणीबी घ्यावा. केवढी हुशार पोर! माझी शाळा तिसरीलाच सुटली.
डब्यात खोटा दवाखाना हाय. त्याला पन्नास पेशंट पायजेत, नाव, गाव, आजार. "आजी, तू सांग, मनाने बनव."
बनवायला कुठं येतंय मला? मेथी निवडता निवडता माझ्या माहेरची, जासईची, आख्खी आळीच सांगितली. मजा आली.

रवि. ९ फेब्रु.
जासईची चंद्री आली, माझी लहानपणची मैतरीण, सुनेला घेऊन. सुकट आणली, यंदा तिच्यात वाळू फार. मीच फुशारकीनं म्हटलं, पल्लवी, तुझा डबा दाव. ती पेशंटची नावं वाचाया लागली, "चंद्राबाई, जासई, टीबी, लग्नाआधी..."
सून हसली, "आई, तुमचंच नाव!" मग चंद्रीचं तोंड बघून तिला उमजलं.
चंद्रीनं चहा तसाच ठेवला, उठली.
तवा लग्न ठरलेलं तिचं, टीबी कळला असता तर मोडलं असतं. गोळ्या आमच्या घरी तांदळाच्या मडक्यात लपवायची, रोज येऊन घ्यायची. तिच्या मालकाला आजून म्हाईत नाय. इतकी वर्सं माझ्या तोंडातून गेलं नाय, आणि आता मेथी निवडताना...

सोम. १०
पल्लवी रडली. "खोटी नावं सांग म्हटलं होतं ना!" जुना डबा काढला, नवा चढवला. मी इचारलं, जे डबे गेले ते? "ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांच्याकडे राहणार. पण त्यांना ती खोटीच बाई वाटणार गं."
जगाचं सोड. मला जासईत तोंड दाखवायची लाज.
टीबीपुढं माझं नाव घाल म्हटलं. "आजी, अजून एक खरं नाव नको."

शनि. १५
चंद्री फोन घेत नाय. सुनेनं घेतला. "मावशी, मी मामंजींना काय बोलले नाय. पण आई माझ्याकडं बघतच नायत."

रवि. १६
रिक्षा करून जासईला गेले. चंद्री ओट्यावर कोलंबी सोलत होती.
"चंद्रे, मी चुकले गो."
"हळू बोल. ते घरात हायेत."
तेवढ्यात तिचा मालक बाहेर आलाच. "या हिराबाई! ही आठ दिस धड जेवत नाय. इचारलं तर बोलत नाय. तुमी तरी सांगा, काय झालंय हिला?"
चंद्रीचा हात थांबला.
मी म्हटलं, सांगते, आधी पाणी द्या.
तो आत गेला. चंद्री काय वर बघेना, आणि पाणी येईस्तोवर मला मनानं कायतरी बनवायचं.