बिनखात्याच्या मंत्र्याची भाइटीका

पाल्पा, असोज ५

चि. टेकनाथ यास दिदीचे अनेक आशीर्वाद.

रेडिओवर तुझं नाव ऐकलं. तिसऱ्यांदा मंत्री झालास, आनंद आहे. खातं काही सांगितलं नाही. तुझे भिनाजू म्हणतात, मेव्हण्याला बिनखात्याचाच केलाय. असू दे, काम नाही म्हणजे तिहारच्या सणाला माझ्याकडून भाइटीका लावून घ्यायला यायला सवड. दोन वर्षं तुझा पाट रिकामा आहे. पहिल्या वर्षी मंत्री होतास म्हणून वेळ नव्हता. दुसऱ्या वर्षी सरकार पडलं म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली. भावाची इडापिडा टळावी म्हणून उंबऱ्यावर अक्रोड मी फोडायचा, आणि ज्याच्यासाठी फोडायचा त्याचाच पत्ता नाही.

अक्षर टपोरं आलंय, कारण डावा डोळा मोतीबिंदूने गेल्यात जमा आहे आणि उजव्यातही धुकं धरलंय. यंदा तुझं तोंड दिसेल, पुढच्या वर्षीचं सांगवत नाही. ये बाबा.

खुर्चीवर आहे त्याच्या निम्मा लोभ इकडेही असू दे.
तुझी, विष्णुमाया

काठमांडू, असोज १९

ती. दिदीस सा. न. वि. वि.

अगं, कसा येऊ? सरकार एका मतावर तगून आहे. इथे मंत्री शिंकायला वळला तरी परतून बघतो तो खुर्चीत दुसराच. शपथेसाठी दौरा-सुरुवाल शिवायला गेलो, तर शिंपी म्हणाला, हुजूर, माप तोंडपाठ आहे, दर खेपेला कशाला त्रास घेता. आपल्याच जिल्ह्यातला विरोधी पक्षाचा खिमानंद आम्हाला पाडायला टपलाय. तिहार संपताच विश्वासाचं मतदान. मखमलीच्या फुलांची माळ कुणाबरोबर तरी पाठव. डोळ्यांचंही बघू, जरा स्थिरस्थावर होऊ दे.

भिनाजूंना नमस्कार. राग नसावा.
तुझा, टेकनाथ

पाल्पा, असोज ३०

चि. टेकनाथ यास आशीर्वाद.

माळ पाठवायची नसते, घालायची असते. तुझी अडचण कळली. खिमानंद परवा बाजारात भेटला. बिचाऱ्याला सख्खी-चुलत कोणतीच बहीण नाही, दर तिहारला कोरं कपाळ घेऊन हिंडतो. म्हटलं, ये, आमच्याकडे पाट रिकामाच आहे. लगेच हो म्हणाला. तू मनाला लावून घेऊ नकोस. राजकारण वेगळं, नातं वेगळं, हे तूच भाषणात सांगतोस.

तुझी, दिदी

काठमांडू, कार्तिक ८

ती. दिदीस सा. न.

निघतोय. पाट माझा आहे. मी पोचायच्या आत त्या माणसाच्या कपाळाला बोट लावलंस तर आपलं पटायचं नाही.

टेकनाथ

पाल्पा, कार्तिक २२

चि. टेकनाथ यास अनेक आशीर्वाद.

खिमानंद तुझ्याहून थोरला, म्हणून सप्तरंगी टिळा आधी त्याला. त्यात पक्षाचा काही संबंध नव्हता, पण तू लहानपणीसारखा फुगलास. भोवती तेलाची धार फिरवली की मधेच उठता येत नाही, म्हणून दोघं मांडीला मांडी लावून बसलात तरी. तुमच्या सभागृहातही कुणीतरी अशी धार फिरवावी.

दुसऱ्या दिवशी रेडिओ सांगतो काय, तर पाल्पात दोन नेत्यांची गुप्त खलबतं झाली. मतदानाची वाटही न बघता पंतप्रधानांनी घाबरून राजीनामा दिला. अरे, मी फक्त तुम्हाला आणखी एकेक सेलरोटी वाढली होती.

तुझं मंत्रिपद माझ्यामुळे गेलं, रागावला असशील. पण तुझ्या कानांजवळचे केस पांढरे झालेत, ते मी जवळ वाकून बघून घेतले. तू गेल्यावर पोटभर रडले. मला काही पश्चात्ताप होत नाही.

असशील तसा ये, लाजू नकोस.
तुझी, दिदी

काठमांडू, मंसिर ३

ती. दिदीस सा. न. वि. वि.

रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. मग घरात बसून बसून लक्षात आलं की आता मला कुणी शोधत नाहीये. इतकी वर्षं तुला स्थिरस्थावर होऊ दे म्हणत राहिलो, आणि तुझे डोळे जात होते. मला माझीच लाज वाटली.

इथल्या डोळ्यांच्या इस्पितळात तुझं नाव घातलंय. बुधवारी न्यायला येतो. झेंड्याची गाडी गेली, तेव्हा बसने जायचं. खिमानंदही येणार म्हणतो. तो विकला गेला असं त्याच्या पक्षाने ठरवून त्याला काढलाय, त्यामुळे तोही मोकळाच आहे. तुझी पिशवी कोण उचलणार यावरून आमचं आताच वाजलंय.

तू एवढंच कर. पट्टी सुटेपर्यंत नवं सरकार बनू नये, असं देवापाशी माग. तुझं तो ऐकतो, हे सगळ्या देशाने पाहिलंय.

तुझा, बिनखुर्चीचा
टेकनाथ