काकू जेवत नाही

४ मार्च, मंगळवार

काकूने आजही तोंड फिरवलं!

झुरळ कसं, तरणंबांड, नुकतंच गाजर खाऊन टुणटुणीत. काकूने पुढचा एक पाय उचलला आणि त्याला बाजूला सारलं. उष्टी ताटली सरकवावी तसं!

ताई म्हणते, केसाळ कोळ्याला काकू म्हणणं हा समस्त काकूवर्गाचा अपमान आहे. पण कोपऱ्यात बसायचं, कुणाशी बोलायचं नाही आणि पुढ्यात आलेलं नाकारायचं — दुसरं काय म्हणू? हॉस्टेलवरची माझी पार्टनर लग्न करून गेली. नवऱ्याला आठ पाय चालत नव्हते. म्हणून ही टॅरँट्युला माझ्याकडे. आणि सध्या आम्ही दोघी ताईकडे.

आता खरं दुखणं. ताईला सातवा चाललाय. बाळंतपणानंतर ती शिलाईच्या कारखान्यात परत जाईल, तेव्हा बाळाजवळ मी राहीन, असं मीच म्हणाले. ताई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ‘तुझ्याकडे मोज्यांची जोडी टिकत नाही. हे ध्यान बाळ येईपर्यंत जगवून दाखव, मग बोलू.’

म्हणजे सगळं काकूच्या पोटावर आलं. आणि काकू उपोषणावर.

६ मार्च, गुरुवार

प्राण्यांच्या दुकानातल्या दाढीवाल्याकडे गेले. त्याचं निदान — ‘दुबिया झुरळ गरीब असतं. टाकलं की मातीत घुसतं. तुमच्या बाईंना दिसलंच नसेल. पळणारं द्या. रेड रनर.’

निघताना वर उपदेश — ‘झुरळांना रोज नीट खायला घाला हं. उपाशी झुरळ म्हणजे रिकामा डबा. तिच्या पोटात काय जाणार?’

त्यामुळे दुबियांचा टब माझ्या पलंगाखाली. अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, भोपळ्याच्या साली, ओला कापूस. यांची बडदास्त माझ्यापेक्षा बरी!

७ मार्च, शुक्रवार

रेड रनर पळतं. सगळीकडे पळतं. काकूकडे सोडून!!

दोन निसटली ती थेट स्वयंपाकघरात. ताई त्या पोटानिशी स्टुलावर. दाजी एका हाताने तिला धरून, दुसऱ्या हातात चप्पल. ‘घरात झुरळ दिसलं की लोक औषध मारतात. आमच्या मेहुणीबाई पिशवीतून आणतात!’

ताईने स्टुलावरूनच विचारलं, ‘बाळाला पण असंच सांभाळणार?’

एक सापडलं. दुसऱ्याबद्दल मी सापडलं म्हणून सांगितलंय.

११ मार्च, मंगळवार

हिसिंग जातीचं आणलं. काडेपेटीएवढं! हात लावला की कुकरची शिट्टी बिघडल्यासारखं फुसफुसतं. काकू घाबरून झाकणाला चिकटली. ते पाहुणं मात्र तिच्या वाटीतलं पाणी प्यायलं आणि तिच्याच बिळात जाऊन बसलं. परत देऊन आले.

येताना एका इमारतीच्या कामावर क्रेन बघत उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. क्रेनवाला वरून ओरडला, ‘यायचंय का वर?’ एरवी केव्हाच चढले असते. आणि तिथेच कामालाही लागले असते. पण टबातल्या साली संपल्या होत्या.

१६ मार्च, रविवार

नाहीच. दिवसभर काचेला धरून फेऱ्या मारतेय. बघून बघून मीही खोलीत फेऱ्या मारल्या.

१७ मार्च, सोमवार

दाढीवाल्याची शेवटची युक्ती. दुबियाचं डोकं चिमट्याने जरा ठेचायचं, म्हणजे ते घुसत नाही, जागच्या जागी वळवळतं. ठेचताना मी ‘सॉरी’ म्हणाले. झुरळाला!

काकू त्याच्या अंगावरून चालत गेली. पायपुसणं समजून.

२२ मार्च, शनिवार

डब्यात घालून तिला दुकानात नेलं. दाढीवाल्याने डबा उचलून खालून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

‘ही काकू नाही. काका आहेत.’

पुढच्या पायांवर गळासारखे बारीक आकडे. तोंडाजवळचे दोन छोटे हात मुठी वळल्यासारखे फुगलेले. ‘मध्ये कात टाकली होती ना? ती शेवटची. आता याला जेवणात रस नाही. मादी शोधत हिंडायचं, बस्स. काही महिने.’

‘आणि मग?’

तो चिमटा पुसत बसला.

त्याच्याकडे मादी आहे. ‘ती याला खाऊन टाकेल?’ म्हटलं तर म्हणतो, ‘टाकतात कधी कधी. मी बसतो ना बाजूला पेन्सिल घेऊन, मध्ये घालायला.’

ठेवून आले. काचेत फेऱ्या मारून मरण्यापेक्षा बरं ना? आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी एका जागी बसायचं ठरवलं, तर ते निघालं माझ्याहून भटकं!

ताईला सांगितलं. चिडली असती तर भांडता आलं असतं. ‘बरं’ म्हणाली आणि बाळाच्या टोपीची शिवण उसवत बसली.

मीच बॅग काढायला पलंगाखाली वाकले. टब आडवा आला. साली परत संपल्या होत्या. आधी त्या घातल्या.

२९ मार्च, शनिवार

अजून इथेच. झुरळं कुणाच्या गळ्यात मारू? दाढीवाला म्हणतो, ‘राहू द्या हो तुमच्याकडेच.’ दाजी म्हणतात, ‘माझ्याकडे बघू नकोस.’

१२ एप्रिल, शनिवार

ताईच्या आधी झुरळीण बाळंत झाली!

ट्रे उचलला तर खाली पिल्लंच पिल्लं, पांढरीशुभ्र, तांदळाएवढी, आईला चिकटून. मी किंचाळले म्हणून ताई आली. पोट सांभाळत वाकली. ‘ई!’ म्हणाली, पण हलली नाही.

‘खातात काय?’

‘गाजर. भोपळा. पावाचा चुरा.’

‘घालतं कोण?’

‘मी.’

‘रोज?’

‘रोज.’

गेली. मला वाटलं, आता दाजी येतात चप्पल घेऊन. ती टेप घेऊन आली. माझ्या खिडकीखालची भिंत मोजली, पुन्हा एकदा मोजली.

‘पाळणा बसेल इथे. ही पलटण दाजींच्या टेबलाखाली हलव.’