ज्याला वाचवलं तो

४ मार्च, सोमवार

पाकीट आलं. जाड, शिक्का मारलेलं. शौर्यपदक, मरणोत्तर! सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, मगच हात लावला.

सोबत मानपत्राची प्रत. मी मोठ्यानं वाचली. "...गोळीबार सुरू असताना स्वतःच्या जिवाची पर्वा न करता खंदकाबाहेर जाऊन जखमी सहकाऱ्यास खांद्यावर वाहून आणले..." सासूबाई म्हणाल्या, "परत वाच." परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला मी बायको उरले नव्हते, छापखान्यातली प्रूफं वाचणारी झाले होते. सहकाऱ्यास. कुठल्या? माझ्या नवऱ्याच्या नावापुढे हुद्दा, क्रमांक, सगळं आहे. सहकाऱ्याला नावच नाही.

५ मार्च

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तो पोरगा कोण गं, याने वाचवला तो? एकदा ये म्हणावं. नुसतं बघायचंय मला."

खरंच की! पाच महिने झाले. ज्याच्यापायी माझा नवरा गेला, त्याला एकदा घराची पायरी चढावीशी वाटली नाही? फोन नाही, चिठ्ठी नाही. मेल्याला लाज कशी वाटत नाही?

का तो नाहीच मुळी?

९ मार्च

कपाटातून नवऱ्याच्या साहेबांचं पहिलं पत्र काढलं. बातमी कळली त्या आठवड्यातलं. "एका जखमी सैनिकास वाचवताना." मानपत्रात मात्र "सहकाऱ्यास".

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसले. अठरा वर्षं हेच काम करतेय. शब्द आपोआप बदलत नाही. कुणीतरी बदलतो, आणि उगाच नाही बदलत.

११ मार्च

लष्कराच्या कचेरीत फोन केला, वाचवलेला तो कोण म्हणून. आधी म्हणे, "त्याची बदली झाली." मी विचारलं, कुठे? मग म्हणे, "तो रुग्णालयात आहे." एकाच फोनवर दोन उत्तरं! वर शहाणपणा — "बाई, पदक मिळतंय ना? मग कशाला खोलात जाता?"

आता तर जाणारच.

१२ मार्च

पळून चालला होता का हा, माझा नवरा?

लिहिलं आणि खोडलं. खोडलेलंही वाचता येतंय.

१६ मार्च

उंच्या आला होता. याच्या तुकडीतला जिवलग. पत्रांत कायम "उंच्या असा, उंच्या तसा". दारातून वाकून आत आला. समारंभाला कुठे बसायचं, केव्हा उठायचं, ते सांगायला पाठवलं होतं त्याला. सासूबाईंनी आग्रह करकरून वाढलं. घास तोंडातल्या तोंडात फिरत होता बिचाऱ्याच्या. बिचारा कसला!

मी विचारलं, "भाऊजी, यांनी वाचवलं ते कोण?"

"आमच्यातलाच एक, वहिनी."

"नाव?"

"फार गोंधळ होता तेव्हा..."

"तुमच्या देखत खांद्यावरून आणलेल्या माणसाचं नाव ठाऊक नाही तुम्हाला?"

ताटावरून उठला. नजर एकदाही वर नाही. तो गेल्यावर सासूबाई माझ्यावर उखडल्या — "जेवत्या माणसाची उलटतपासणी घेतात का?"

१७ मार्च

याला शत्रूचीच गोळी लागली ना? की आपल्याच कुणाची? उंच्याची?

कुठवर गेलं माझं मन!

१९ मार्च

अर्धी रजा टाकून उंच्याच्या छावणीवर गेले. फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात बसलो. दोन कप झाले. शेवटी म्हटलं, "तुम्ही सांगत नसाल तर मी समारंभात उभी राहून विचारीन." तेव्हा बोलला.

पहाटेची चकमक संपली होती. मधल्या मोकळ्या जागेत एकजण पडून ओरडत होता. दोन तास. सगळ्यांना ऐकू येत होतं, कुणी बोलत नव्हतं. मग हा म्हणाला, "आईला हाक मारतोय रे तो." भाषा कुणालाच कळत नव्हती, तेवढा शब्द कळत होता.

"भाषा कळत नव्हती?" मी विचारलं.

उंच्या कपाकडे बघत म्हणाला, "आपला नव्हता तो, वहिनी. त्यांचा होता."

उंच्यानं याचा पट्टा धरून ठेवला होता. हा हिसका देऊन गेला. त्याला घेऊन आला, आधी त्याला खाली खंदकातल्यांच्या हातात दिलं म्हणे, आणि स्वतः उतरणार तेवढ्यात पलीकडून गोळी आली. हा कुणाचं पोर उचलून नेतोय, ते त्यांना काय ठाऊक!

तो जगला. एक पाय गेला. आपल्याच कैदेत, रुग्णालयात आहे. साहेब म्हणाले होते, खरं छापून आलं तर पदक राहिलं बाजूला, लोक याच्या आईच्या दारावर दगड मारतील. म्हणून एक शब्द बदलला.

"समारंभ होऊ द्या, वहिनी. त्याचा हक्क आहे तो."

येताना रस्ताभर संताप, संताप! आम्ही दोघी इथे वाट बघत होतो. याला आमची हाक नाही ऐकू आली?

२० मार्च

छापखान्यात आज तीन चुका सुटल्या. मालक काही बोलले नाहीत. शहिदाची बायको ना मी!

सासूबाईंना सांगावं का? बातम्यांत "त्यांचं" नाव आलं की या रेडिओ बंद करतात. "वाटोळं होवो मेल्यांचं." रोज. पाच महिने.

२२ मार्च

समारंभ झाला. सासूबाई ताठ गेल्या, ताठ आल्या. मानपत्र वाचणारा "जखमी सहकाऱ्यास" म्हणाला, तेव्हा मी उंच्याकडे बघितलं, त्याने जमिनीकडे.

गाडीत सासूबाई एकदम म्हणाल्या, "तू टाळ्या नाही वाजवल्यास."

मी खिडकीची काच खाली केली.

"तीन दिवस बघतेय मी. काहीतरी लपवतेस. कुणी बाई होती का त्याची? असेल तर सांगून टाक, मी ऐकून घेईन."

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना. म्हटलं, उद्या सांगते.

२३ मार्च

सकाळी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसून होत्या. चहावर साय धरली. आता शिव्याशाप देतील, पदक भिरकावतील, नाहीतर मलाच घराबाहेर काढतील — मी वाट बघत होते.

त्या म्हणाल्या, "पोरगा जिवंत आहे, हे त्याच्या आईला कुणी कळवलंय का गं?"